दोन शिफ्ट, एक मिसळ

नाशिक,
६ जुलै

प्रिय संजय,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. वहिनींची बदली जवळ झाली हे वाचून बरं वाटलं. आता तरी तुझा रोजचा पिठलं-भात सुटेल.

इकडे यंदा शाळेत स्टाफ सेक्रेटरीचं लोढणं माझ्या गळ्यात आलंय. एरवी हे काम म्हणजे शाल-श्रीफळ आणि वर्गणीसाठी लोकांच्या मागे लागणं. पण जूनपासून बरेच नवे चेहरे आलेत, कुणी पवित्र पोर्टलवरून, म्हणजे सरकारी शिक्षकभरतीतून, कुणी आधीच्या शाळेत अतिरिक्त ठरून समायोजनाने, म्हणजे इकडे पाठवलेले. समायोजनाने आलेल्याचं तुला माहीतच आहे. अर्धी नोकरी झालेली असते, तरी स्टाफरूममध्ये बिचारा विचारतो, "ही खुर्ची कुणाची?"

त्यात शाळा दोन शिफ्टमध्ये. सकाळचे निघतात तेव्हा दुपारचे येतात. जिन्यात नमस्कार, की चालले. एकाच खोलीत शिकवणारी दोन माणसं एकमेकांना ओळखतात ती फळ्यावरून! बाईंनी समीकरण न पुसता ठेवलं की दुपारचे सर चरफडतात. सरांच्या पोरांनी बाकाखाली कागद टाकले की बाई मस्टरपाशी सुनावतात, तेही तिसऱ्याच कुणाला.

म्हणून पहिला बेत मिसळीचा. रविवारी सकाळी, गंगापूर रोडकडे. भाषणं नाहीत आणि 'आपापला परिचय द्या' तर मुळीच नाही; शिक्षण, सेवा, छंद वाचन, सगळ्यांचं तेच. टेबलं मात्र मी लावणार. एका खोलीचे सकाळचे आणि दुपारचे शेजारी शेजारी. काळा रस्सा समोर आला की तर्री कुणाला सोसते, कुणी आधी दह्याची वाटी ओढतं, इथूनच बोलणं सुरू होतं. फळ्याचं भांडण मिटलं तर उत्तम, नाहीतर निदान समोरासमोर तरी होईल.

शाळेत मुद्दाम ठेवलं नाही. तिथे काहीही केलं तरी शिपाई मामा आणि मावशी कपबशा उचलत राहतात, त्यांची ओळख व्हायची कधी? त्यांच्याकडून वर्गणी घेऊ नये असं काहींचं म्हणणं होतं. मावशींनाच विचारलं. म्हणाल्या, "आम्ही काय पाहुणे आहोत? कमी घ्या, पण घ्या."

कोजागरी घरच्यांसह, शाळेच्या गच्चीवर. सिन्नर-ओझरहून ये-जा करणाऱ्या बायकांना मध्यरात्र परवडत नाही, आणि पौर्णिमेचा चंद्र तसाही तिन्हीसांजेलाच उगवतो. संस्कृतच्या सरांना शास्त्राप्रमाणे बाराला दूध हवंय. थर्मास देऊ त्यांना.

दिवाळीनंतर थंडी पडली की नांदूर मध्यमेश्वरचं पक्षी अभयारण्य. रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, गेलेली राज्यातली ही पहिली जागा, निफाड तालुक्यातच, आणि आमच्या निम्म्या स्टाफने पाहिलेली नाही. पांडवलेणीही सुचली होती, पण पायऱ्या म्हटल्यावर गुडघ्यांनी बहुमत घेतलं. मला पक्षी बरे वाटतात ते गप्प माणसांसाठी. पंगतीत त्यांना काय बोलावं सुचत नाही. दुर्बीण हातात दिली की "तो बघा, डावीकडे" एवढं तरी बोलतात. येताना कुणाच्या तरी शेतावर हुरडा.

तुझ्याकडे हे काम कित्येक वर्षं आहे, म्हणून विचारतो. वर्गणी बुडवणाऱ्यांचं तुम्ही काय करता ते आधी कळव. दोन नावं मला आत्ताच दिसताहेत, आणि त्यातलं एक मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये बसतं.

तुझा,
विजय