एफआर-एसचा सायलेन्सर बदलण्याआधी

प्रिय मंदार,
सप्रेम नमस्कार.

एक्झॉस्टमध्ये कॅट-बॅक (मागचा भाग) बदलू की हेडर (इंजिनाला लागून असलेला, धूर गोळा करणारा पाइप), पाइप किती इंची, ड्राइव्हवेत जमेल का, आणि कॅलिफोर्नियातल्या स्मॉग चेकमध्ये (धुराच्या सक्तीच्या तपासणीत) गाडी अडकेल का, असे चार प्रश्न तू एका दमात विचारलेस. सगळ्यांची उत्तरं एकाच गोष्टीवर ठरतात: तुला आवाज हवाय की ताकद? या गाडीत त्या दोन गोष्टी वेगवेगळ्या जागी आहेत.

तुझ्या २०१३ च्या सायन एफआर-एसमधलं दोन लिटरचं बॉक्सर इंजिन २०० हॉर्सपॉवर देतं, पण ७००० आरपीएमला. ३५०० ते ४५०० च्या दरम्यान टॉर्कचा जो खड्डा लागतो, तो कॅट-बॅकने बुजत नाही. कॅट म्हणजे धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, आणि कॅट-बॅक म्हणजे असल्या दोन्ही कॅटच्या मागचा भाग. खड्ड्याचं मूळ पुढे, हेडरच्या घडणीत आणि ईसीयूच्या (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरच्या) मॅपमध्ये आहे. मागचा सायलेन्सर बदलून दोन-चार हॉर्सपॉवर वाढले, तरी पायाला कळणार नाहीत. वजन मात्र कमी होतं आणि आवाज भरदार होतो. तेवढ्यासाठी घ्यायचा असेल तर खुशाल घे.

हेडरचं प्रकरण वेगळं. फॅक्टरीच्या हेडरमध्येच पहिला कॅट असतो, दुसरा फ्रंट पाइपमध्ये. बाजारातले बरेच हेडर कॅटशिवाय येतात. ते लावले की कॅट नीट काम करत नाही असं सांगणारा पी०४२० चा एरर कोड येणार, आणि रस्त्यावरच्या गाडीचा कॅट काढणं अमेरिकेत कुठेच कायदेशीर नाही. कॅलिफोर्नियात तर हेडरला कार्बचा (तिथल्या हवा-प्रदूषण मंडळाचा) ईओ, म्हणजे मंजुरीचा, नंबर हवा, आणि तो तुझ्याच मॉडेल-वर्षासाठी दिलेला हवा. ट्यूनलाही (ईसीयूचं सॉफ्टवेअर बदलण्यालाही) तोच नियम: २०२१ च्या जुलैपासून स्मॉग चेकमध्ये ईसीयूचं सॉफ्टवेअरही तपासतात, मूळ किंवा मंजूर नसेल तर गाडी नापास. कॅट-बॅकला ईओ लागत नाही, फक्त आवाज ९५ डेसिबलच्या आत हवा. पुण्यात बुलेटचे फटफटे सायलेन्सर रोलरखाली चिरडतात, तेवढी वेळ तुझ्यावर येणार नाही. पण पावती फाटेल.

पाइप अडीच इंची घे. तीन इंची टर्बोवाल्यांसाठी. टर्बो नसलेल्या दोन लिटरला त्याचा उपयोग शून्य, आणि केबिनमधलं घुमणं दुप्पट. स्टेनलेस ३०४ परवडत असेल तर तेच. ४०९ ग्रेडच्या स्टेनलेसवर तांबूस गंज चढतो, टिकतं मात्र बरं.

आता ज्यावरून लोक नवा सायलेन्सर महिन्याभरात विकून टाकतात, ते घुमणं. सहाव्या गियरमध्ये ताशी ७० मैलांना तुझं इंजिन साधारण ३००० आरपीएमवर असतं. चार सिलिंडर म्हणजे एका फेऱ्यात दोन स्फोट, सेकंदाला १००. नेमक्या याच १०० हर्ट्झच्या आसपास बंद केबिन घुमते. गावात पाच मिनिटं मजा येते, फ्रीवेवर तासाभरात डोकं उठतं. म्हणून मधल्या पाइपमध्ये रेझोनेटर (घुमणं कमी करणारा छोटा डबा) असलेलाच सेट घे. रेझोनेटर काढून टाकायचा सल्ला देणाऱ्याकडे बहुधा दुसरी गाडी असते.

तरीही घुमलाच, तर मधल्या पाइपला एका टोकाने बंद असलेली क्वार्टर-वेव्ह नळी वेल्ड करून घेता येते. वाकवलेली असते म्हणून तिला जे-पाइप म्हणतात. लांबी काढायची ती वायूतल्या ध्वनीच्या वेगाला चारपट वारंवारतेने भागून. नळीतला वायू २०० अंश सेल्सिअसच्या आसपास धरला तर वेग सेकंदाला सुमारे ४३५ मीटर, म्हणून १०० हर्ट्झसाठी जवळपास १.१ मीटर. तापमान अंदाजाचं असल्यामुळे नळी थोडी लांब ठेवायची आणि चाचणी घेत कापत जायची. वेल्डिंग पाइप गाडीतून काढून करायचं. गाडीवरच करावं लागलं तर आधी बॅटरी सोडवायची.

काम ड्राइव्हवेत आरामात होतं. आदल्या रात्री जुन्या नट-बोल्टवर पेनिट्रेटिंग ऑइल मार. इंजिन पूर्ण थंड हवं, जमीन सपाट. गाडी चार जॅक स्टँडवर, आणि नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरायचं नाही. बोल्ट बहुधा १४ मिमीचे आहेत. आधी मागचा डबा उतरव, मग मधला पाइप. रबरी हँगर निघत नसतील तर साबणाचं पाणी लाव. स्क्रू-ड्रायव्हरने उचकटलेस तर फाटतील. डबा वजनदार आहे, शेवटचा हँगर सुटताना खाली कुणाचा तरी हात हवा.

जोडताना जोडातली जुनी डोनट गॅस्केट (गळती रोखणारं कडं) परत वापरू नकोस, ती एकदा दबली की नीट बसत नाही. सगळे जोड आधी हातानेच सैल बसव, टिपा (पाइपची बाहेर दिसणारी टोकं) बंपरच्या खाचेत मधोमध आण, मग पुढून मागे आवळत जा. साध्या फ्लँजला (बोल्टने आवळायच्या सपाट जोडाला) साधारण ४० न्यूटन-मीटर, पण बनवणाऱ्याच्या कागदावर वेगळा आकडा असेल तर तोच खरा. स्प्रिंग असलेला बोल्ट त्याच्या खांद्यावर (जाड भागावर) टेकला की थांब. तो जोड मुद्दाम हलता ठेवलेला असतो, आणखी आवळलास तर बोल्ट तुटेल. बंपर आणि हीट शील्डपासून १०-१५ मिमी मोकळी जागा सोड, कारण पाइप तापून वाढतो आणि इंजिन हलतं.

चालू करण्याआधी पाइप आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घे, नाहीतर तेलकट बोटांचे ठसे कायमचे भाजले जातील. पहिली दहा मिनिटं थोडा धूर निघेल, घाबरू नकोस. थंड इंजिन नुकतंच चालू केल्यावर जोडांना साबणाचं पाणी लाव. बुडबुडा आला की गळती. ही गळती कॅटच्या मागे असल्याने नुसती टकटक ऐकू येईल. पुढे कधी हेडर लावलास तर तिथली गळती जास्त छळते: ऑक्सिजन सेन्सरच्या आधी बाहेरची हवा आत खेचली जाते, ईसीयूला मिश्रण पातळ वाटतं, आणि तो उगाच पेट्रोल वाढवत बसतो.

साधारण १०० मैलांनंतर गाडी थंड करून साध्या फ्लँजचे बोल्ट पुन्हा तपास, एखादा तरी सैल मिळेलच.

ऑर्डर टाकण्याआधी सेटचा फोटो आणि मधल्या पाइपचं माप मला पाठव. रेझोनेटर नुसता स्टिकरवर आहे की खरोखर बसवलाय, ते फोटोत दिसेल.

तुझा,
अनिकेत