आब्ला, तुमचे आभार मानायचे राहून गेले

प्रिय आब्ला,

सलाम. आमच्या मराठी ख्रिस्ती घरांतही भेटल्यावर सलामच म्हणतात, हे ऐकून तुर्कस्तानात, इझमीरच्या विमानतळावर, आमच्या गाईड म्हणून आलेल्या तुम्हाला हसू फुटलं होतं.

आधी या नावाचं. पहिल्या दिवशी बसचा ड्रायव्हर तुम्हाला सारखा 'आब्ला, आब्ला' करत होता. मागच्या सीटवरून आई कुजबुजली, "एवढी खमकी बाई, आणि हा तिला अबला काय म्हणतो?" तुर्कीत आब्ला म्हणजे थोरली बहीण हे कळलं आणि त्या दिवसापासून तुम्ही आमच्या अख्ख्या मंडळीच्या आब्ला झालात.

सहल ठरवताना आम्हाला 'चालायला सगळं सपाट आहे' असं सांगितलं होतं. कोणी सांगितलं ते जाऊ द्या. इफिस या प्राचीन शहराच्या अवशेषांत वरच्या दरवाजातून शिरून संगमरवरी उताराने खाली यायचं असतं, आणि तो दगड शतकानुशतकांच्या पायांनी घासून गुळगुळीत झालेला. आईने एक पाऊल टाकलं आणि मागे घेतलं. "मी बसमध्ये बसते, तुम्ही जाऊन या." हे वाक्य तिने आयुष्यभर म्हटलंय, आणि आम्ही खुशाल जाऊन आलोय.

तुम्ही मात्र ऐकलं नाहीत. पाळकसाहेबांच्या हाती नकाशा दिलात, बाकीच्यांना सेल्सुसच्या ग्रंथालयासमोर थांबायला सांगितलंत आणि आईला बसने खालच्या दरवाजाकडे नेऊन तिथून थेट थिएटरपाशी आणलंत. पंचवीस हजारांच्या आसपास माणसं मावतील एवढं ते थिएटर. प्रेषित पौलाच्या उपदेशाने देव्हाऱ्यांचा धंदा बुडेल म्हणून देमेत्रिय सोनाराने पेटवलेला जमाव इथेच दोन तास अर्तमी देवीच्या नावाने ओरडत होता. वरच्या पायऱ्या चढता येत नाहीत म्हणून आई ओशाळली, तेव्हा तुम्ही म्हणालात, "पौलाला तर शिष्यांनी आतसुद्धा येऊ दिलं नव्हतं. तुम्ही त्याच्यापुढे आलात." बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये, अध्याय १९. रविवारी चर्चला जाणारे आम्ही, आणि आठवण करून दिलीत नमाज पढणाऱ्या तुम्ही! आई खालच्या दगडावर बसून तो अध्याय हळू आवाजात वाचत राहिली. आम्ही पोहोचलो तेव्हा तिला आमची काही गरज नव्हती.

इफिसच्याच मरियेच्या चर्चमध्येही तुम्ही सांभाळून घेतलंत. तिथे भरलेल्या इसवी सन ४३१ च्या धर्मपरिषदेत 'देवमाता' या शब्दावरून केवढं रण माजलं होतं ते सांगितलंत, आणि आमच्यातले दोघं तोच वाद पुन्हा सुरू करणार एवढ्यात पाण्याच्या बाटल्या वाटायला घेतल्यात.

पण आई अजून सांगते ते लावदिकीया या दुसऱ्या प्राचीन शहराचं. समोर दरीपलीकडे हिएरापोलीसचा पांढराशुभ्र उतार, गरम झऱ्यांचा. आमच्याकडे प्रवचनात ठरलेलं असतं: तिकडे गरम, कलस्सैला गार आणि लावदिकीयात कोमट पाणी, म्हणून बायबलच्या प्रकटीकरणात लावदिकीयाच्या मंडळीला म्हटलेलं ते 'तू कोमट आहेस'. तुम्ही म्हणालात, पाणी खरंच कोमट होतं का, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. पण क्षार किती होते ते बघा. आणि मातीचा जुना नळ दाखवलात. आतून दगडासारखा थर चढून भोक बोटाएवढं उरलेलं. आईने वाकून पाहिलं. "अगं, हे तर आपल्या बोअरचं पाणी!" नगरला बादली, तोटी, गिझर सगळीकडे तोच पांढरा थर खरवडण्यात तिची चाळीस वर्षं गेलीत. तुम्हाला 'बोअर' समजावायला मला वहीत चित्र काढावं लागलं.

निघताना विमानतळावर घाई झाली, सामानाची मोजदाद झाली आणि नीट दोन शब्द बोलायचे राहिले. म्हणून हे पत्र. ड्रायव्हरदादांनाही सलाम सांगा.

परवा स्वयंपाकघरातली तोटी बदलली. जुनी आईने प्लंबरला नेऊ दिली नाही. धुऊन खिडकीत ठेवलीये, आणि येणाऱ्या प्रत्येकाला दाखवते: "लावदिकीया!"

तुमची,
नगरची धाकटी बहीण