किल्लारीच्या आधीचे भूकंप शोधा : मदत व पुनर्वसन मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय मंत्री, मदत व पुनर्वसन,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

मंत्रीमहोदय, सप्रेम नमस्कार.

मी औसा तालुक्यात भूगोल शिकवतो. माझ्या वर्गातल्या मुलांचा जन्म किल्लारीच्या भूकंपानंतर कितीतरी वर्षांनी झाला, तरी ३० सप्टेंबर १९९३ ही तारीख त्यांना सांगावी लागत नाही. ती त्यांना घरातूनच कळलेली असते. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटे, आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, विसर्जन करून गाव झोपलेले. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वरचे माळवद अंगावर आले आणि लातूर-उस्मानाबादमधली हजारो माणसे गेली. हे सगळे मुले सांगतात आणि मग विचारतात, “सर, पुन्हा होईल का?” या प्रश्नासाठीच हे पत्र लिहितो आहे.

त्या दिवशीपर्यंत देशाच्या नकाशात लातूर भूकंपाच्या पहिल्या क्षेत्रात होते, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या. २००२च्या नकाशात ते तिसऱ्या क्षेत्रात गेले आणि पहिले क्षेत्रच रद्द झाले. नकाशा बदलला तो माणसे गेल्यावर. आधीच्या नकाशासाठी आधार होता तो नोंद झालेल्या भूकंपांचा आणि तेव्हा माहीत असलेल्या भूरचनेचा. द्वीपकल्पाच्या या जुन्या, स्थिर खडकांत ताण फार सावकाश साठतो. एकाच भ्रंशावर, म्हणजे खडक ज्या भेगेवर सरकतात तिच्यावर, दोन मोठ्या भूकंपांमध्ये हजारो वर्षे जाऊ शकतात आणि आपल्या यंत्रांच्या नोंदी शंभर-सव्वाशे वर्षांच्या. भर दुपारच्या उन्हात तासभर उभे राहून इथे पाऊस पडतच नाही असे ठरवावे, तसे ते झाले.

कोयनेची गोष्ट वेगळी आहे. धरणात पाणी भरू लागल्यापासून तिथली जमीन थरथरते आहे, १९६७चा मोठा भूकंप झाला, त्यानंतरही धक्के थांबलेले नाहीत. त्यामुळे तिथे यंत्रांकडे सांगण्यासारखे पुष्कळ आहे. कराडला त्यासाठी प्रयोगशाळा उभी राहिली, कोयनेच्या परिसरात गोठण्याला ३ किलोमीटर खोल छिद्र घेतले गेले. उत्तम काम आहे ते. मराठवाड्यात मात्र यंत्रे बहुतेक वेळ गप्प असतात, म्हणून इथे मातीलाच विचारावे लागते.

ते कसे विचारतात हे थोडे सविस्तर सांगतो, कारण खर्चाची फाइल तुमच्या टेबलावर येईल तेव्हा “खड्डे खणायला पैसे कशाला?” असे कोणीतरी म्हणेलच. मोठा भूकंप झाला की कधी कधी भ्रंश जमिनीवर येतो. किल्लारीजवळ शेतांमध्ये तशी तुटक पायरी उमटली होती. दक्षिणेकडचा भाग उत्तरेकडच्या भागावर चढला होता. अशा जागी भ्रंशाला आडवा चर खणतात, दोन-तीन पुरुष खोल. भिंत खुरप्याने साफ करायची, दोऱ्या बांधून चौकटी आखायच्या आणि प्रत्येक थर कागदावर उतरवायचा : तळाशी मुरूम, त्यावर चुनखडीचे खडे असलेली पिवळसर माती, सगळ्यात वर काळी. खालचा थर तुटून एका बाजूने हातभर वर सरकलेला आहे आणि त्याच्या डोक्यावरचा थर मात्र अखंड आहे, असे दिसले की समजायचे : भूकंप या दोन थरांच्या मधल्या काळातला. थरात कोळशाचा कण सापडला तर कार्बनवरून वय निघते. वाळूचे कण शेवटचे उन्हात कधी होते हेही प्रयोगशाळेत मोजता येते. माणसाने लिहायला सुरुवात करण्याआधीचे भूकंप असे हाती लागतात.

आमच्याकडे हे अवघड आहे, ते लपवत नाही. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते, वरची माती भेगांतून खाली उतरते आणि थर कालवले जातात. फुगण्या-आकसण्याच्या घासाघाशीतून मातीत तिरके, गुळगुळीत पृष्ठभाग तयार होतात, ते नवख्याला भ्रंशासारखे वाटतात. शिवाय खरा भ्रंश बेसाल्टच्या थरांखाली जुन्या खडकात आहे. भूकंपानंतर किल्लारीत घेतलेल्या खोल छिद्रात हा बेसाल्ट ३०० मीटरहून जाड निघाला. म्हणून एका चरावर निकाल देता येत नाही. अनेक जागी खणायला हवे, शक्यतो नदीकाठच्या गाळात, जिथे थर नीट बसलेले असतात.

आणि सुरुवात शून्यातून नाही. सी. पी. राजेंद्रन आणि कुसला राजेंद्रन या भूशास्त्रज्ञांनी भूकंपानंतर किल्लारीत चर खणले आणि १९९३मध्ये हललेला भ्रंश त्याआधीही हलला असल्याच्या खुणा त्यांना दिसल्या. त्यांनी तेरलाही तपासणी केली. तेर म्हणजे गोरोबाकाकांचे गाव, सातवाहनकाळातले तगर, किल्लारीजवळून वाहणाऱ्या तेरणा नदीच्याच काठावरचे. तिथल्या जुन्या विटांच्या आणि मातीच्या थरांतली मोडतोड त्यांनी सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीच्या भूकंपाशी जोडली. हे वाचले तेव्हा मी बराच वेळ पुढे वाचू शकलो नव्हतो. ज्या तेरला आम्ही सहली नेतो, ज्या वस्तुसंग्रहालयात मुले मण्यांकडे आणि मृण्मूर्तींकडे पाहतात, त्याच गावाच्या पांढरीच्या मातीत आमच्या प्रश्नाच्या उत्तराचा एक तुकडा असू शकतो. या निष्कर्षाची आणखी जागी पडताळणी व्हायला हवी. तेरला पुढे उत्खनन होईल तेव्हा पुरातत्त्व खात्याच्या माणसांबरोबर भूशास्त्रज्ञही खड्ड्यात उतरला पाहिजे, एवढी साधी गोष्ट दोन खात्यांच्या एका पत्राने होईल.

हा फक्त किल्लारीचा विषय नाही. हिंगोलीत २०२४च्या मार्चमध्ये आणि पुन्हा जुलैमध्ये धक्के बसले, नांदेड-परभणीपर्यंत लोक घराबाहेर आले. वसमत तालुक्यात पांगरा शिंदेच्या परिसरात जमिनीतून आवाज येतात म्हणून गावकरी वर्षानुवर्षे सांगत आहेत. प्रत्येक वेळी त्यांना “घाबरू नका” असे सांगितले जाते. किल्लारीलाही १९९२च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात धक्के जाणवले होते. हिंगोलीत तसेच होईल असे मी म्हणत नाही. लहान धक्के बहुतेकदा विरून जातात. पण तिथल्या भ्रंशाचा मागचा इतिहास तपासल्याशिवाय धीर देणारा अधिकारीही अंदाजानेच बोलत असतो.

तुमच्या खात्याकडून मला हवे ते असे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण आणि नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे भूविज्ञान संकुल यांना सोबत घेऊन तेरणेच्या खोऱ्यात आणि वसमत भागात चरांचा तीन-चार वर्षांचा कार्यक्रम आखा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडे विहिरी-बोअरच्या खडकांच्या नोंदी आहेत. कुठे खणायचे हे ठरवायला त्या वापरा. महामार्ग, कालवे, पाइपलाइन यांचे खोल खोदकाम होते तेव्हा काँक्रीट पडण्याआधी ती भिंत एका भूशास्त्रज्ञाने पाहावी, अशी अट निविदेत घाला. ठेकेदाराचा एखादा दिवस जाईल, त्याहून जास्त नाही. १९९३च्या पायरीचा जो काही भाग नांगरातून वाचला असेल तो मोजून, कुंपण घालून राखा. ती कुठून गेली हे बोटाने दाखवू शकणारे शेतकरी आता म्हातारे झाले आहेत. त्यांना आधी शेतावर न्या. आणि निष्कर्ष मराठीत ग्रामपंचायतीपर्यंत पोहोचवा.

जमीन संपादन करावी लागत नाही. रब्बी निघाल्यावर, एप्रिल-मेमध्ये, रान मोकळे असताना चर खणायचा, नोंदी घ्यायच्या, पेरणीआधी बुजवून द्यायचा आणि शेतकऱ्याला योग्य भरपाई द्यायची. येत्या उन्हाळ्यात पहिला चर खणायचा असेल तर मंजुरी दिवाळीच्या आत निघायला हवी.

आपला,
भूगोलाचा एक शिक्षक
औसा, जि. लातूर