गुणाकार एका मिनिटाचा, निकाल २२ वर्षांनी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

धाराशिव जिल्ह्यातल्या साखर कारखान्याच्या रखवालदाराच्या वारसांना सर्वोच्च न्यायालयाने २९ जुलै २०२५ रोजी भरपाई मिळवून दिली, ही बातमी आपल्या अंकात वाचली. मी कामगार न्यायालयाबाहेर टंकलेखन करतो. पूर्वी मशीन होते, आता संगणक आणि प्रिंटर आहे. भरपाईचे अर्ज टंकण्यातच बरेचसे आयुष्य गेले, म्हणून या निकालाबद्दल लिहावेसे वाटले.

हा रखवालदार २२ एप्रिल २००३ रोजी पहाटे तीनच्या पाळीसाठी घरून निघाला. कारखाना पाचेक किलोमीटरवर राहिला असताना रस्त्यात अपघात होऊन तो गेला. मागे बायको, चार मुले आणि आई. २००९ साली कामगार भरपाई आयुक्तांनी ३,२६,१४० रुपये आणि १२ टक्के व्याज मंजूर केले. प्रकरण अपिलात गेले आणि २०११ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तो निवाडा रद्द केला. कारण काय, तर अपघात कारखान्यापासून लांब, रस्त्यावर झाला. तो कामावरचा नव्हे. त्यानंतर आणखी १४ वर्षे गेली आणि आता सर्वोच्च न्यायालय म्हणते की वेळ, जागा आणि परिस्थिती यांवरून कामाशी नाते दिसत असेल, तर घर ते कामाची जागा या वाटेवरचा अपघातही भरपाईला पात्र आहे. तीनच्या पाळीचा माणूस त्या वेळी रस्त्यावर हवा खायला निघत नाही, हे कळायला खरे तर कायद्याचे पुस्तकही उघडायला नको.

बरे, हा विचार नवा आहे असेही नाही. मुंबईत बेस्टचा एक बसचालक काम संपवून बेस्टच्याच दुसऱ्या बसने जोगेश्वरी आगारातून घरी निघाला होता. त्या बसला अपघात झाला आणि तो दगावला. गणवेशातल्या चालकांना बसमधून फुकट प्रवासाची मुभा होती. १९६३ साली सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने हा कामावरचा अपघात ठरवला आणि विधवेला भरपाई दिली. बस बेस्टची होती आणि रखवालदाराची वाट सार्वजनिक होती, हा फरक मला कळतो. तरीही ६२ वर्षांनंतर तोच प्रश्न पुन्हा दिल्लीपर्यंत न्यावा लागला.

त्या ३,२६,१४० चा हिशेब मी करून पाहिला. तेव्हा कामगार भरपाई कायद्याने पगार कितीही असला तरी जास्तीत जास्त ४,००० रुपये धरायचा. मृत्यूसाठी त्याचा निम्मा, म्हणजे २,०००. त्या कायद्याच्या परिशिष्टात वयाप्रमाणे गुणायचे आकडे दिलेले होते, त्यातला १६३.०७ घेतला की गुणाकार बरोबर तेवढाच येतो. आमच्याकडच्या शिकाऊ मुलीला कॅल्क्युलेटरवर एक मिनिटही लागले नाही. व्याज सरळ धरले तर वर्षाला साधारण ३९ हजार. बरे, ही पगाराची मर्यादा ४,००० वरून ८,००० झाली २०१० मध्ये आणि १५,००० झाली जानेवारी २०२० मध्ये. पण हिशेब धरतात अपघाताच्या तारखेचा, त्यामुळे जुन्या अपघाताला जुनाच आकडा. खटला लांबला तर नुकसान कोणाचे, ते उघड आहे.

गेल्या आठवड्यात हिंगोलीकडचा २४ वर्षांचा एक मुलगा आला होता. सात-आठ माणसांचे पत्र्याचे शेड, म्हणून ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी विमा, नाही. पॉवर प्रेसवर, म्हणजे पत्रा दाबून कापणाऱ्या यंत्रावर, उजव्या हाताची तर्जनी आणि मधले बोट गेले. हात आत जाऊ नये म्हणून असलेला गार्ड काढून ठेवलेला होता, कारण गार्ड लावला की तासाला पीस कमी निघतात. नेमणूकपत्र नाही, पगार रोख. मालकाचे म्हणणे असे की मुलगा कामाला नव्हताच, मित्राला भेटायला आला होता. मित्राला भेटायला आलेला माणूस प्रेसच्या साच्यात हात कशाला घालेल, हे मी अर्जात लिहू शकत नाही. तिथे ‘सामनेवाला यांचे म्हणणे खोटे व बनावट आहे’ एवढेच टंकावे लागते. सुदैवाने त्याच्या मोबाइलमध्ये शेडमध्ये काढलेला एक व्हिडिओ आहे, पाठीमागे तोच प्रेस चालू आहे. दोन बोटांना परिशिष्टात २० टक्के. १५,००० च्या मर्यादेने ३,९३,२४६ रुपये होतात. वकील सोबत १९७६ चा दाखलाही जोडतात: ओडिशातल्या एका सुताराचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला होता, आणि एका हाताने सुतारकाम होत नाही म्हणून सर्वोच्च न्यायालयाने त्याची कमाईची ताकद पूर्ण गेली असे मानले. भरपाई अपघाताच्या दिवशीच देय होते, हेही त्याच निकालात ठरले.

अर्ज तीन महिन्यांत निकाली काढावा, असे त्या भरपाई कायद्यात कलम २५अ होते. ते २०१० पासून नोव्हेंबर २०२५ मध्ये तो कायदा रद्द होईपर्यंत लागू होते. आमच्या टेबलासमोरून जाणाऱ्या पक्षकारांना ते माहीतसुद्धा नसायचे, आणि सांगितले तर त्यांना चेष्टा वाटायची. मुलाला पहिली तारीख दिवाळीनंतरची मिळाली.

माझी सूचना अगदी लहान आहे. न्यायालयात रोज बोर्ड, म्हणजे त्या दिवशीच्या प्रकरणांची यादी, लागतो. त्यावर प्रत्येक भरपाई अर्जापुढे दाखल केल्याची तारीख छापावी. शिवाय अपील करताना मालकाने भरलेली रक्कम अपिलाचा निकाल लागेपर्यंत न्यायालयात पडून राहते, असे मी वारंवार पाहिले आहे. त्यातला निदान अर्धा भाग जामीनपत्र घेऊन वारसांना लगेच देण्याचे सर्वत्र धोरण हवे. हे दोन्ही करायला नवा कायदा लागेल असे मला वाटत नाही. एखाद्या जाणकार वकिलाने किंवा निवृत्त न्यायाधीशाने याच सदरात खुलासा करावा, ही विनंती.

आपला नियमित वाचक,
कामगार न्यायालयाबाहेरचा एक टंकलेखक,
पुणे