भोपळ्याच्या गाड्यावरचा डबा

गायझेनहाइम, जर्मनी,
12 ऑक्टोबर

तीर्थरूप आबा आणि आई यांना साष्टांग नमस्कार.

आबा, ऑक्टोबर छाटणी अर्ध्यावर आली असेल. काड्यांना डोळे फुटायची पेस्ट लावायला माणसं मिळत नाहीत, असं आई परवा सांगत होती. इथे उलटं आहे, रिस्लिंग द्राक्षांची काढणी चालली आहे. मी पण सकाळी चार तास कात्री धरते आणि दुपारी वर्गात बसते. फोनवर तुम्ही दोन मिनिटांत 'बरं बरं, जप' म्हणून फोन आईकडे देता. माझं सांगणं लांब आहे, म्हणून पत्र लिहिते.

माझ्या खोलीपासून कॉलेजच्या वाटेवर एका शेताच्या कडेला लाकडी गाडा उभा असतो. त्यावर भोपळे मांडलेले, पाटीवर खडूने भाव लिहिलेला आणि बाजूला फट असलेला लोखंडी डबा. माणूस कुणीच नाही. पहिल्या दिवशी मालक येईल म्हणून मी थांबून राहिले. तेवढ्यात एक आजोबा सायकलवरून आले. त्यांनी दोन-तीन भोपळे वाजवून पाहिले, एक निवडला, डब्यात नाणी टाकली आणि निघून गेले. मग मीही एक छोटा घेतला. पैसे टाकताना उगाच इकडेतिकडे बघितलं, कुणीतरी पाहावं असं वाटत होतं.

त्याहून जास्त चटका लावून गेले ते इथले द्राक्षमळे. ऱ्हाईनकाठच्या उतारावर मैलोन् मैल मळे आहेत आणि बहुतेकांना कुंपण नाही. ओळींमधून गावाचा रस्ता जातो, लोक कुत्री घेऊन फिरतात, घड हाताला लागतील इतके जवळ असतात. चोरी कधीच होत नाही असं नाही. पण रात्रीची राखण करणारं मला अजून कुणी दिसलं नाही.

आपल्या मखमलाबादच्या मळ्याला तारेची जाळी कधी आली ते मला पक्कं आठवतं. मी नववीत होते. त्या व्यापाऱ्याने पहिल्या दोन गाड्यांचे पैसे ओट्यावर बसून रोख मोजले होते. आईला वहिनी म्हणाला, दुसऱ्यांदा चहा मागून घेतला. पुढच्या तीन गाड्या नुसत्या पट्टीवर, म्हणजे उधारीवर गेल्या. चेक वटला नाही, फोन बंद, आणि तुम्ही पिंपळगावला गेलात तर भाड्याचं शेड रिकामं. त्या वर्षीचं औषधांच्या दुकानाचं बिल फेडायला आईच्या पाटल्या गेल्या. आबा, तुम्ही त्या रात्री एवढंच म्हणालात, 'विश्वास पानिपतातच गेला.' त्याआधी दर मार्चमध्ये शाळेतून येणाऱ्या पोरांसाठी फाटकाजवळ कडुनिंबाखाली तुम्ही द्राक्षांचं एक क्रेट ठेवायचात. जाळी आली आणि क्रेट बंद झालं. मला पैशांपेक्षा ते जास्त लागलं होतं, तेव्हा बोलले नाही.

इथली माणसं आपल्यापेक्षा चांगली आहेत, असं मला सुरुवातीला वाटलं. आता तसं वाटत नाही. खोली देताना मालकिणीने तीन महिन्यांच्या भाड्याइतकी अनामत घेतली, भिंतीवरचा एकेक ओरखडा कागदावर लिहिला आणि दोघींनी सह्या केल्या. रेल्वे स्टेशनवर तिकीट तपासायला फाटक नसतं, सरळ जाऊन गाडीत बसायचं. पण गाडीत तपासनीस येतो आणि तिकीट नसलं तर 60 युरो मोजावे लागतात. शेजारणीला मी आपली म्हणून विचारलं, 'एक किल्ली तुमच्याकडे ठेवू का?' तर ती गोंधळूनच गेली. आई, आपली किल्ली समोरच्या काकूंकडे किती वर्षं आहे गं? मी पुण्याला शिकायला होते तेव्हा तू नाशिकहून एसटीच्या ड्रायव्हरच्या हाती डबा द्यायचीस. त्याचं नाव माहीत नसायचं, फक्त गाडीचा नंबर मला कळवायचीस. एकदाही डबा चुकला नाही. ही गोष्ट मी इथे सांगितली तर कुणाला खरी वाटत नाही.

मग मी याच्या मुळाशी जायला लागले. याच नदीच्या काठाने रेल्वेने खाली गेलं की नॉयवीड लागतं. त्याला लागून हेडेसडॉर्फ नावाचं गाव होतं. तिथे रायफायझन नावाचे महापौर होते, जन्म 1818 चा. शेतकरी सावकाराच्या पाशात अडकलेले बघून त्यांनी 1864 मध्ये गावकऱ्यांची कर्जसंस्था काढली. नियम साधे होते. संस्था एवढ्याच टापूची, जिथे सगळे एकमेकांना ओळखतात. आणि एकाने कर्ज बुडवलं तर बाकीच्यांनी आपल्या सगळ्या मालमत्तेनिशी जबाबदार राहायचं. म्हणजे शेजाऱ्याची पत तीच आपली पत. पुढे मद्रासच्या निकल्सन नावाच्या अधिकाऱ्याने हा प्रकार अभ्यासून आपल्याकडे हेच करा असा अहवाल दिला, आणि 1904 मध्ये आपला पतसंस्थांचा कायदा आला. आपल्या गावच्या सोसायटीचं मूळ इथे आहे, आबा! वाचताना मला अगदी भरून आलं.

पण जर्मनीने आणखी एक केलं. 1889 च्या कायद्याने प्रत्येक संस्थेचे हिशेब बाहेरच्या माणसाने तपासणं सक्तीचं केलं. आपल्याकडेही तपासणी आहे. पण आजीची ठेव ज्या पतसंस्थेत अडकली, तिथे संचालकांनी नात्यागोत्यात तारणाशिवाय कर्जं वाटली आणि तपासणीचा कागद दरवर्षी स्वच्छ निघाला. 'आपलेच लोक आहेत' म्हणून आजीने कधी विचारलं नाही. विचारणं म्हणजे अविश्वास, असं आपल्याला लहानपणापासून वाटतं. इथे हिशेब मागितल्याचा कुणाला राग येत नाही. त्या भोपळेवाल्याचा डबाही कुलूप लावून गाड्याला साखळीने बांधलेला आहे, हे माझ्या तिसऱ्या दिवशी लक्षात आलं.

आणि इथेही सगळ्यांवर सारखा विश्वास टाकतात असं नाही. फोनवर नाव सांगितल्यावर दोन ठिकाणी खोली एकदम 'गेलेली' निघाली. रडू आलं. मग आठवलं, गंगापूर रोडला आपली खोली भाड्याने देताना आपणही आधी आडनाव विचारलं होतं. आबा, यापुढे आपल्याकडून ते नको.

तुमच्या गटातल्या आठ-दहा बागायतदारांनी या हंगामात एकत्र सौदा करावा असं मला मनापासून वाटतं. लेखी करार, इसार आधी, आणि एकाचे पैसे थकले तर बाकीच्यांनीही त्या व्यापाऱ्याची गाडी भरायची नाही. शेवटचं सगळ्यांत महत्त्वाचं. कराराचा मसुदा मी मराठीत लिहून पाठवते. आई, तुमची भिशी इतकी वर्षं एकही हप्ता न चुकता चालली आहे, वही कशी ठेवता ते या मंडळींना तूच समजाव.

आणि मार्चमध्ये कडुनिंबाखाली क्रेट परत ठेवाल का? मोठ्यांसाठी बाजूला भाव लिहिलेली पाटी आणि कुलपाचा डबा ठेवा, पोरांना तसंच घेऊ द्या. डब्यात किती जमले ते मला रोज कळवा, कमी भरले तरी कळवा.

आजीला नमस्कार. गुडघ्याचं औषध ती वेळेवर घेते ना?

तुमची,
सोनू