लस खांद्यात नव्हे, दंडात

मा. संपादक,
स. न.

ज्येष्ठांनी फ्लूची लस घ्यावी असे सांगणारा लेख आपल्या आरोग्य पुरवणीत आला, ते बरे झाले. पण त्यात 'डेल्टॉइडमध्ये, म्हणजे खांद्यात' असे छापले आहे आणि सोबतच्या चित्रातला बाण थेट खांद्याच्या टोकावर टेकवला आहे. नोकरीची सगळी वर्षे लसीकरणात गेल्यामुळे तो बाण मला जरा टोचला.

खांदा हा सांधा. डेल्टॉइड हा त्यावरून खाली दंडावर उतरणारा स्नायू. ग्रीक 'डेल्टा' अक्षर त्रिकोणी, त्यावरून हे नाव. भूगोलातला त्रिभुज प्रदेशही त्याच अक्षराचा. या त्रिकोणाची रुंद बाजू वर, कॉलर बोन आणि फऱ्याच्या हाडाला धरून असते. निमुळते टोक दंडाच्या हाडावर बाहेरच्या अंगाने, साधारण मध्यावर चिकटते. आयुर्वेदाचे विद्यार्थी याला 'अंसच्छदा' म्हणतात, खांदा झाकणारी. जिममधली मुले तर याचे पुढचा, मधला, मागचा असे तीन भाग पाडून तिन्हींचा वेगळा व्यायाम करतात. शरीरशास्त्र त्यांना आपल्यापेक्षा पक्के ठाऊक असते!

लस टोचायची ती या स्नायूच्या मधल्या, जाड भागात. खांद्याच्या टोकाचे हाड चाचपायचे, तिथून दोन-तीन बोटे खाली यायचे आणि सुई काटकोनात घालायची. त्याहून वर टोचले तर औषध स्नायूऐवजी सांध्याजवळच्या पिशवीत किंवा स्नायुबंधांत जाऊ शकते. मग दोन दिवसांच्या आत खांदा दुखू लागतो, हात वर जाईनासा होतो आणि दुखणे महिनोन्‌महिने रेंगाळते. अमेरिकेने 2017 साली ही इजा लसीच्या नुकसानभरपाईच्या अधिकृत यादीत घातली. दोष लसीचा नसतो, जागेचा असतो. पण बदनाम लसच होते. फार खाली टोचणेही बरे नाही, तिथे हाडाला लगटून मज्जातंतू जातो.

'खांद्यात' असे वाचून आलेली मंडळी काय करतात, ते केंद्रावर बसणाऱ्या कुणालाही विचारा. पुरुष सदऱ्याची वरची दोन बटणे काढून गळा ओढतात, बायका ब्लाउजची बाही गळ्याकडून खाली सरकवतात. उघडा पडतो तो नेमका खांद्याचा माथा, आणि रांग मोठी असली की टोचणाऱ्याची सुईही तिथेच वळते. बाही खालून वर गुंडाळली, किंवा घट्ट असेल तर हात पुरता बाहेर काढला, तर ही चूक होत नाही. कोपर सैल सोडून, हात मांडीवर ठेवून बसावे. तान्ह्या बाळांचा हा स्नायू पुरेसा भरलेला नसतो, म्हणून त्यांना मांडीत टोचतात. 'हातात का नाही दिले' असे आजीबाई हमखास विचारतात, त्याचे उत्तर हे.

'डेल्टॉइड' शब्द ठेवायला हरकत नाही, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर तोच असतो. पण त्यापुढे 'दंडाचा वरचा भाग' असे लिहावे. दंडात इंजेक्शन म्हटले की आपल्याकडे कुणालाही कळते. आणि पुढच्या लसीकरण मोहिमेआधी ते चित्र बाण दोन-तीन बोटे खाली घेऊन पुन्हा छापावे, ही विनंती.

आपली वाचक,
एक निवृत्त परिचारिका, सातारा