बायोप्सीच्या बाटलीवर वेळ लिहा हो

संपादक साहेब, नमस्कार.

कॅन्सरच्या नव्या औषधांच्या बातम्या पेपरात येतात, मी सगळ्या वाचते, पण ही सगळी औषधं ज्या तुकड्यावर ठरतात त्या तुकड्याचं आपल्या गावात काय होतं हे कोणी लिहीत नाही म्हणून आज मीच लिहितेय.

माझ्या धाकट्या जाऊबाईंना मागच्या वर्षी छातीत गाठ लागली. शनिवारी संध्याकाळी इथल्याच एका नर्सिंग होममध्ये सुईने तुकडे काढले, शेवयांसारखे बारीक, चार-पाच. ते एका छोट्या बाटलीत घालून पुतण्याच्या हातात दिले आणि म्हणाले लॅबमध्ये पोचवा. लॅब बंद. तो बाटली घेऊन घरी आला आणि मला विचारलं, काकू फ्रीजमध्ये ठेवू का, मी म्हटलं ठेव बाबा, खराब नको व्हायला. सोमवारी सकाळी पोचवली. नंतर कळलं की आत तुकडा टिकवणारं रसायन, फॉर्मॅलिन, नव्हतंच, नुसतं सलाईन होतं. फॉर्मॅलिन असतं तर झाकण उघडताच डोळ्यांना झोंबलं असतं, या बाटलीला वासच नव्हता, पण आम्हाला कुठे माहीत.

रिपोर्टमध्ये कॅन्सर आहे हे आलं पण मार्कर तिन्ही निगेटिव्ह, म्हणजे ईआर, पीआर आणि हर-टू, गाठीच्या पेशींमधली ती प्रोटीनं ज्यांवरून स्तनाच्या कॅन्सरचं औषध ठरतं. मग जाऊबाईंनी मुंबई गाठली, तिथल्या डॉक्टरांनी स्लाइड बघून सांगितलं की तुकडा नीट फिक्सच झालेला नाही, म्हणजे फॉर्मॅलिनमध्ये नीट टिकलेला नाही, या रिपोर्टवर औषध ठरवता येणार नाही. परत सुई, परत ते दुखणं, परत आठ-दहा दिवस वाट. दुसऱ्या रिपोर्टमध्ये हर-टू 3+ आलं, म्हणजे पक्कं पॉझिटिव्ह! तिथल्या डॉक्टर मॅडमनी स्लाइडचा फोटो दाखवला, प्रत्येक पेशीच्या कडेने दाट तपकिरी रिंग. पहिल्या रिपोर्टवर विसंबलो असतो तर हर-टूचं इंजेक्शन सुरूच झालं नसतं आणि आम्हाला कधी कळलंही नसतं.

मांस शरीराबाहेर आलं की आतली प्रोटीनं मोडायला लागतात, फॉर्मॅलिन ती जागच्या जागी धरून ठेवतं. म्हणून तुकडा तासाभराच्या आत फॉर्मॅलिनमध्ये पडला पाहिजे, तुकड्याच्या निदान दहापट फॉर्मॅलिन पाहिजे, आणि त्यात 6 ते 72 तास राहिला पाहिजे. सलाईन आणि फ्रीज मिळून हे काम होत नाही.

आणि हे एका पेशंटपुरतं नाहीये. 1987 मध्ये डॉ. डेनिस स्लेमन आणि त्यांच्या साथीदारांनी 189 गाठींचे तुकडे तपासले तेव्हा कळलं की हर-टूच्या जीनच्या प्रती वाढलेल्या बायकांचा आजार जास्त जोरात असतो, आणि त्यावरून पुढे 1998 मध्ये अमेरिकेत ट्रास्टुझुमॅब, म्हणजे हेच हर-टूचं इंजेक्शन, मंजूर झालं. त्या बायकांचे तुकडे कोणीतरी नीट सांभाळले होते म्हणून आज माझ्या जाऊबाईंना दर 21 दिवसांनी ते इंजेक्शन मिळतंय. बरं, हर-टू 1+ आलं, म्हणजे अगदी थोडं दिसलं, की इतकी वर्षं निगेटिव्ह म्हणून सोडून द्यायचे, 2022 पासून आजार पसरलेल्या अशा बायकांसाठीही औषध आलंय. म्हणजे कपाटात पडलेल्या जुन्या ब्लॉकची उद्या गरज पडू शकते. ब्लॉक म्हणजे तो तुकडा मेणात बसवलेली छोटी चौकोनी वडी. रिपोर्टची फाईल आपण जपतो पण ब्लॉक कुठल्या लॅबमध्ये आहे, किती वर्षं ठेवणार, हे विचारत नाही. विचारा, आणि दुसरीकडे दाखवायला जाताना ब्लॉक आणि स्लाइड दोन्ही मागून घ्या.

मुंबईत उरलेला तुकडा रिसर्चला वापरू का म्हणून सही मागितली, जाऊबाईंनी लगेच केली. इंदूरच्या बायकाही देतील हो, पण तो तुकडा वापरण्याजोगा राहिला तर ना!

इथल्या नर्सिंग होमवाल्यांना आणि डॉक्टर मंडळींना माझी हात जोडून विनंती आहे, बाटलीवर एवढंच लिहा: तुकडा किती वाजता काढला, फॉर्मॅलिनमध्ये किती वाजता टाकला. आणि शनिवारी संध्याकाळी बायोप्सी करणार असाल तर लॅब उघडी आहे का ते आधी फोन करून विचारा, पोराच्या हातात बाटली देऊन मोकळे होऊ नका.

तुमची जुनी वाचक,
रामबाग, इंदूर